अँजिओप्लास्टी कधी जीव वाचवते आणि कधी थांबून विचार करायला हवा?

नोव्हेंबर २०२४. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मोफत आरोग्य शिबिर घेतलं. शिबिरातल्या १९ जणांना 'पुढच्या तपासणीसाठी' अहमदाबादला नेण्यात आलं. त्यांपैकी १७ जणांची अँजिओग्राफी झाली आणि ७ जणांची अँजिओप्लास्टी. दोघांचा मृत्यू झाला.

गरज नसताना, घरच्यांना नीट न सांगता, आयुष्मान भारत योजनेचे पैसे मिळवण्यासाठी स्टेंट टाकले, असा आरोप झाला. पोलिसांनी गुन्हे नोंदवले, काही जणांना अटक झाली, रुग्णालयाचं नाव योजनेतून काढण्यात आलं. आरोपांचा निकाल न्यायालयात लागेल.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो, 'स्टेंट म्हणजे निव्वळ लूट, कुणीही टाकून घेऊ नका.' दुसरा म्हणतो, 'माझे वडील स्टेंटमुळेच वाचले.' गंमत म्हणजे दुसऱ्या गटाचा अनुभव खरा असतो आणि पहिल्या गटाचा संशयही अगदीच हवेतला नसतो.

कारण अँजिओप्लास्टी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कोणत्या रुग्णाला आणि कोणत्या वेळी केली जाते, यावर सगळं ठरतं. एकाच स्टेंटने एका रुग्णाचा जीव वाचतो, दुसऱ्याचा त्रास कमी होतो आणि तिसऱ्याला फारसा काहीच फायदा होत नाही. हा फरक कसा ओळखायचा?

कॅथेटर म्हणजे नेमकं काय?

कॅथेटर म्हणजे बारीक, लवचिक नळी. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीत सुईने छोटं छिद्र करतात, त्यातून आधी एक बारीक तार सरकवतात आणि तारेवरून ही नळी पुढे नेतात. रक्तवाहिन्या शरीरभर एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे मनगटातून निघालेली नळी हृदयापर्यंत पोचते आणि जांघेतून निघालेली मेंदूपर्यंत.

एक्स-रेवर दिसणारं औषध नळीतून सोडलं की रक्तवाहिनीचा आतला आकार पडद्यावर दिसतो. ही झाली अँजिओग्राफी, म्हणजे फक्त तपासणी. जिथे वाहिनी अरुंद झाली आहे तिथे छोटा फुगा नेऊन फुगवला की झाली अँजिओप्लास्टी. वाहिनी पुन्हा आकसू नये म्हणून धातूची बारीक जाळी तिथेच ठेवतात, तो स्टेंट.

बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. छाती किंवा पोट उघडावं लागत नाही. अनेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. या उपचारांची लोकप्रियता इथूनच येते आणि 'एवढंसं तर आहे, करून टाकू' ही घाईसुद्धा.

सुरुवात हृदयापासून नाही, पायापासून

हा उपचार पहिल्यांदा झाला तो पायावर. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांच्या एका महिलेच्या पायाला गँगरीन झालं होतं. डॉक्टर पाय कापायला सांगत होते, तिने नकार दिला. रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी तिच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी आतून नळ्या घालून रुंद केली. पाय वाचला. पुढे ती सुमारे अडीच वर्षं जगली, स्वतःच्या पायांवर चालत.

हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला तो आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये. त्यासाठीचे सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून तयार केले होते.

फुग्याची एक अडचण होती. दर तीन रुग्णांमागे साधारण एकाची धमनी काही महिन्यांत पुन्हा आकसायची. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसवले. २००२-०३ च्या सुमाराला औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि वाहिनी पुन्हा आकसण्याचं प्रमाण आणखी कमी झालं. आज भारतात वापरले जाणारे बहुतेक स्टेंट याच प्रकारचे असतात.

हार्ट अटॅक सुरू असेल तर: इथे वाद नाही

मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी धमनी गुठळीने अचानक पूर्ण बंद होते. त्या क्षणापासून हृदयाचा स्नायू मरायला लागतो. अशा वेळी धमनी लवकरात लवकर उघडणं हाच उपचार असतो आणि त्यासाठी अँजिओप्लास्टी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. यावर जगभरातल्या हृदयरोगतज्ज्ञांचं एकमत आहे.

छातीत दुखतंय म्हणून रुग्ण आला की १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण पोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडायला हवी. असं रुग्णालय दूर असेल आणि दोन तासांत धमनी उघडणं शक्य नसेल, तर आहे तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवायचं. तिथे साधारणपणे पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करून उरलेला अडथळा काढता येतो.

खरी अडचण इथेच आहे. कॅथ लॅब, म्हणजे ही प्रक्रिया जिथे होते ती खास खोली, शहरांत एकवटलेल्या आहेत. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या दुर्गम पाड्यावरच्या माणसाला ९० मिनिटांचं गणित जुळवणं अवघड जातं. त्यातच छातीतली कळ 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पिऊन घरी काढलेले दोन-तीन तासही जातात.

यावर मार्ग आहे. तामिळनाडूमध्ये लहान रुग्णालयं मोठ्या हृदयरोग केंद्रांशी जोडून एक प्रयोग झाला. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो केंद्रातल्या तज्ज्ञांना लगेच पाठवायचा, गरज असेल तर तिथेच इंजेक्शन द्यायचं आणि रुग्णाला केंद्राकडे पाठवायचं. २०१७ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं.

गोव्यातही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी लहान आरोग्य केंद्रं जोडण्याचा असाच प्रकल्प राबवला गेला. कर्नाटकात अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने सुरू झालेल्या हृदयज्योती योजनेतही तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत ईसीजी आणि हे महागडं इंजेक्शन मोफत देण्यावर भर आहे.

म्हणजे हार्ट अटॅकच्या बाबतीत खरी चिंता वेगळीच आहे. तिथे ज्याला स्टेंट हवा आहे, त्याच्यापर्यंत तो वेळेत पोचत नाही.

अटॅक नाही, पण 'ब्लॉकेज' निघालं तर?

आता दुसरी परिस्थिती पाहू. हार्ट अटॅक आलेला नाही. जिना चढताना दम लागतो, भरभर चाललं की छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. किंवा काहीच त्रास नाही, पण कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये काहीतरी निघालं. अँजिओग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, '८० टक्के ब्लॉक आहे.'

हे ऐकल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच चित्र येतं. तुंबलेला पाइप. आज ८० टक्के, उद्या १०० टक्के आणि परवा हार्ट अटॅक. मग स्टेंट टाकला की संकट टळलं.

चित्र सोपं आहे, पण गेल्या काही वर्षांतले मोठे अभ्यास वेगळं सांगतात.

- २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'करेज' अभ्यासात स्थिर हृदयविकार असलेले २,२८७ रुग्ण होते. निम्म्यांना औषधं दिली, निम्म्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांनंतर मृत्यू आणि हार्ट अटॅकच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

- मग टीका झाली की, या अभ्यासात जास्त धोका असलेले रुग्ण पुरेसे नव्हते. म्हणून 'इस्केमिया' नावाचा आणखी मोठा अभ्यास झाला. भारतासह ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, सगळ्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं मध्यम किंवा गंभीर प्रमाणात दिसलेलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची लगेच अँजिओग्राफी करून अँजिओप्लास्टी किंवा बायपास करायचं ठरलं होतं, त्या गटात १४५ मृत्यू झाले. आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४.

- २०१७ च्या 'ऑर्बिटा' अभ्यासाने तर वेगळीच पद्धत वापरली. ब्रिटनमधल्या २०० रुग्णांना भरपूर औषधं दिली, नंतर निम्म्यांना खरा स्टेंट टाकला आणि निम्म्यांवर फक्त प्रक्रियेचा देखावा केला. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. सहा आठवड्यांनंतर व्यायामाच्या क्षमतेत ठळक फरक दिसला नाही.

याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी आहे का? नाही. 'इस्केमिया'मध्ये ज्यांना छातीत वारंवार दुखायचं, त्यांना प्रक्रियेनंतर जास्त आराम मिळाला. २०२३ मध्ये 'ऑर्बिटा'च्या पुढच्या टप्प्यात छातीदुखीची औषधं बंद ठेवून तुलना केली, तेव्हा स्टेंटने त्रास खरोखर कमी होतो हे सिद्ध झालं. अर्थात, सगळ्यांचा त्रास पूर्ण गेला नाही.

थोडक्यात, स्थिर आजारात स्टेंट मुख्यतः त्रास कमी करतो. आयुष्य वाढवण्याचं आणि अटॅक टाळण्याचं मोठं काम औषधं करतात.

ब्लॉक उघडूनही अटॅकचा धोका का राहतो?

कारण रक्तवाहिन्यांचा आजार पाइपमधल्या एका जागेचा आजार नाही. कोलेस्टेरॉल, मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू यांमुळे चरबीचे थर अनेक धमन्यांत, अनेक ठिकाणी साचत असतात. त्यातले काही मोठे आणि कडक असतात, ते अँजिओग्राफीत ठळक दिसतात. काही लहान पण नाजूक असतात. असा नाजूक थर फुटला की त्यावर काही मिनिटांत गुठळी तयार होते आणि धमनी बंद पडते.

म्हणून काल ज्याची तपासणी 'बऱ्यापैकी' आली होती, त्याला आज अटॅक येऊ शकतो. स्टेंट एका जागेवर काम करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, बीपीवर आणि साखरेवर ताबा आणि तंबाखू सोडणं, याचा परिणाम सगळ्या रक्तवाहिन्यांवर होतो.

'किती टक्के' या आकड्याचीही मर्यादा आहे. अँजिओग्राफीत सावली दिसते, रक्त किती कमी पोचतंय ते थेट दिसत नाही. त्यासाठी ब्लॉकच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणारी तार असते. हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर ब्लॉक खरोखर अडथळा करतोय असं मानतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात १,००५ रुग्ण होते. नुसत्या डोळ्यांनी पाहून स्टेंट टाकलेल्यांपेक्षा दाब मोजून ठरवलेल्यांना कमी स्टेंट लागले आणि वर्षभरातला मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रक्रिया करावी लागण्याचा एकत्रित धोकाही कमी राहिला.

पण हे सगळ्यांना लागू होत नाही

इथे सावध राहायला हवं. वरचे निष्कर्ष वाचून कुणी आपली ठरलेली अँजिओप्लास्टी रद्द करू नये. पुढच्या परिस्थितींत निर्णय वेगळा असतो:

- डाव्या बाजूच्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा असेल
- हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद बरीच कमी झाली असेल
- छातीतलं दुखणं नव्याने सुरू झालं असेल, वाढत असेल किंवा आराम करतानाही होत असेल
- पुरेशी औषधं घेऊनही रोजचं काम करता येत नसेल

'इस्केमिया' अभ्यासात असे रुग्ण घेतलेच नव्हते.

मधुमेही रुग्णांसाठी आणखी एक मुद्दा. अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या १,९०० मधुमेही रुग्णांवर 'फ्रीडम' नावाचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होतं, बायपासच्या गटात १८.७ टक्के. म्हणजे छाती उघडायला नको म्हणून चार-पाच स्टेंट टाकून घेणं, हा दिसायला सोपा वाटणारा मार्ग दर वेळी सुरक्षित असतोच असं नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी येऊ शकतो.

मेंदू आणि पाय: जिथे ही नळी फारशी पोचतच नाही

कॅथेटर म्हटलं की चर्चा हृदयाची होते. पण जास्त मोठी दरी दुसरीकडे आहे.

मेंदूची मोठी धमनी गुठळीने बंद झाली की पक्षाघात होतो, ज्याला आपण लकवा मारला म्हणतो. साडेचार तासांच्या आत आलेल्या योग्य रुग्णांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. पण मोठी गुठळी अनेकदा इंजेक्शनने विरघळत नाही. अशा वेळी जांघेतून नळी नेऊन गुठळी बाहेर ओढून काढता येते. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक पाच अभ्यासांनी या उपचाराचा मोठा फायदा दाखवला. २०१८ मध्ये आणखी दोन अभ्यासांनी दाखवलं की, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही उपयोग होऊ शकतो. जो माणूस कायमचा अंथरुणाला खिळला असता, तो स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो.

यासाठी चोवीस तास तयार असलेली टीम लागते आणि ती मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत असते. म्हणून तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक दिसलं तर मालिश, झाडपाला, 'सकाळी बघू' यात वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं.

पायांची गोष्ट तर बातम्यांत येतही नाही. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, हे अनेकांना वयाचं दुखणं वाटतं. प्रत्यक्षात पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं. मधुमेह आणि तंबाखू या दोघांचा मारा इथे सर्वांत जास्त होतो. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना केली की प्राथमिक अंदाज येतो. गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर पायाला रक्त कमी पोचत असल्याचा संशय घेतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या तर हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा पुढच्या तपासण्या लागतात.

फक्त चालताना दुखत असेल तर पहिला उपाय म्हणजे तंबाखू सोडणं, औषधं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजचं चालणं. पण आराम करतानाही पाय दुखत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल, तर पाय धोक्यात असतो. तेव्हा फुगा किंवा बायपास करून रक्तपुरवठा सुरू करता येतो का, हे पाय कापायच्या आधी तपासायलाच हवं.

दोन्हींपैकी काय चांगलं, यावर तज्ज्ञांतही अजून मतभेद आहेत. २०२२ च्या 'बेस्ट-सीएलआय' या १,८३० रुग्णांच्या अभ्यासात, रुग्णाची स्वतःची चांगली शीर उपलब्ध असेल तर बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'बॅसिल-२' अभ्यासात गुडघ्याखालच्या धमन्यांचा आजार असलेल्या ३४५ रुग्णांत कॅथेटर उपचार सरस ठरला. अर्थ इतकाच की, दोन्ही पर्याय जाणणाऱ्या डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवायला हवं. साखरेच्या जखमेला नुसती पट्टी बांधत महिना घालवला, तर ठरवण्यासारखं काही उरत नाही.

स्टेंट स्वस्त झाला, मग बिल का मोठं?

२०१७ पूर्वी औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या घरात होती. दिल्ली उच्च न्यायालयात याबाबत जनहित याचिका झाली. २०१६ मध्ये सरकारने स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने कमाल किमती ठरवल्या: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी स्टेंट २९,६०० रुपये. त्याआधी साखळीतला सर्वांत मोठा नफा रुग्णालयांच्या पातळीवर, ६५० टक्क्यांपर्यंत होत असल्याचं प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून समोर आलं होतं.

त्यानंतर किमती वेळोवेळी बदलल्या. २०२५ मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत ३९ हजार रुपयांच्या आसपास होती.

पण बिलात स्टेंट ही एकच ओळ असते. फुगा, तार, नळ्या, कॅथ लॅबचं भाडं, डॉक्टरांची फी, आयसीयू यांना अशी कमाल किंमत लागू नाही. त्यामुळे स्टेंट स्वस्त झाला तेवढं बिल खाली येईलच असं नाही. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि मॉडेल वेगळं लिहून घेणं म्हणूनच महत्त्वाचं. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकरही फाइलमध्ये जपून ठेवायला हवं.

योजना स्टेंटचे पैसे देते, गोळ्यांचे नाही

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही पाच लाखांपर्यंत आणि सर्व नागरिकांसाठी लागू करण्याचा निर्णय झाला. अँजिओप्लास्टी परवडत नव्हती अशा हजारो कुटुंबांना याचा आधार मिळाला, हे नाकारता येणार नाही.

पण योजनेची रचना नीट पाहा. प्रक्रिया झाली की रुग्णालयाला ठरलेलं पॅकेज मिळतं. रुग्णासमोर अर्धा तास बसून 'आधी औषधांनी बघू' असं समजावणाऱ्या डॉक्टरला वेगळे पैसे नाहीत. आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो, पण आयुष्यभर घ्यायच्या स्टॅटिन आणि बीपीच्या गोळ्या रुग्णाने सरकारी दवाखान्यातून मिळवायच्या किंवा खिशातून विकत घ्यायच्या.

म्हणजे ज्या उपचाराने स्थिर रुग्णाचा जीव जास्त वाचतो, त्यामागे पैशाचं बळ कमी आणि ज्याने मुख्यतः त्रास कमी होतो, त्यामागे जास्त. प्रत्येक डॉक्टर पैशासाठी स्टेंट टाकतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण व्यवस्थाच एका बाजूला झुकलेली असेल, तर अहमदाबादसारखं प्रकरण घडायला जागा मिळते. त्या घटनेनंतर गुजरात सरकारने योजनेतल्या हृदयोपचारांचे नियम कडक केले. गरज होती की नाही हे प्रक्रियेच्या आधी तपासण्याची सवय लागली, तर अशा नियमांना अर्थ आहे.

टेबलवर झोपलेल्या रुग्णाकडून 'हो' घ्यावं का?

अनेक कुटुंबांचा अनुभव सारखाच असतो. रुग्ण अँजिओग्राफीसाठी आत जातो. वीस मिनिटांनी दार उघडतं आणि नातेवाइकांना सांगितलं जातं, 'ब्लॉक मोठा आहे, आताच स्टेंट टाकावा लागेल, सही करा.'

अटॅक सुरू असेल तर हे योग्यच आहे. स्थिर रुग्णाच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा विचार करायला वेळ असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधल्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की, तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडी असेल तरच अपवाद. दोन्हींसाठी एकत्र संमती घेता येते, पण तसं आधी समजावून सांगायला हवं.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे. कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचाही हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते.

डॉक्टरांना हे सहा प्रश्न विचारा

१. हा हार्ट अटॅक आहे की स्थिर आजार? आज निर्णय घेतला नाही तर काय होईल?

२. या प्रक्रियेने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल? की दोन्ही?

३. औषधं पूर्ण प्रमाणात देऊन पाहिली आहेत का? पाहता येतील का?

४. ब्लॉक खरोखर रक्त अडवतोय हे कशावरून? दाब मोजला का, स्ट्रेस टेस्ट झाली का?

५. मधुमेह आहे, अनेक धमन्यांत अडथळे आहेत, तर बायपासचा विचार झाला का? सर्जनचं मत घेतलं का?

६. अँजिओग्राफीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळेल का? दुसरीकडे दाखवायचं आहे.

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. 'डॉक्टर रागावतील' अशी भीती असते. पण सीडी असली की पुन्हा अँजिओग्राफी न करता दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेता येतं आणि चांगल्या डॉक्टरला यात अपमान वाटायचं कारण नाही.

स्टेंट टाकून झाला असेल तर?

तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. स्टेंटनंतर सहसा दोन गोळ्या काही महिने, अनेकदा सहा ते बारा महिने, घ्याव्या लागतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने त्या बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवघेणा अटॅक येऊ शकतो. बंद करायच्या असतील तर स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी गोष्ट, स्टेंट टाकला म्हणून आजार गेला असं होत नाही. स्टॅटिन, बीपी आणि साखरेच्या गोळ्या, रोजचं चालणं आणि तंबाखूला कायमचा रामराम, हे पुढेही चालू ठेवावं लागतं. घरी आल्यावर पुन्हा मशेरी, गुटखा किंवा सिगारेट सुरू झाली, तर एक धमनी उघडून फारसं काही साधत नाही.

छातीत दाब किंवा कळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, अचानक दम लागणं अशी लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा आणि लगेच रुग्णालय गाठा. तिथे प्रश्न विचारत बसण्याची ती वेळ नाही. ही लक्षणं नसतील आणि कुणी 'आजच्या आज स्टेंट' म्हणत असेल, तर प्रश्न विचारायची वेळ हीच आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. सुरू असलेली औषधं किंवा ठरलेले उपचार आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नका.)